उकळलेल्या स्वेटरच्या चिमण्या

कस्तुराबाईनं सुई हातात धरली की सुईलाच घाम फुटायचा. हे माहेरी सोमाटण्यात सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी ठाऊक होतं, आणि नवरा लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी लागल्यावर तिथल्या माळ्यांच्या खोल्यांतही आठवड्याच्या आत कळून चुकलं. भाकरी थापावी तर तिनं. भांडण मिटवावं तर तिनं, आणि खरं सांगायचं तर लावावंही तिनंच. पण चोळी शिवायला घेतली की बाही गळ्यालाच जोडली जायची, आणि वर दोष चोळीचा!

अशा बाईनं चारचौघींत छाती ठोकून सांगावं, की भाचीच्या पाळण्यावरच्या कापडी चिमण्या मी माझ्या हातानं करून आणीन! आता काय म्हणावं या तोंडाला?

झालं होतं असं. तिचा धाकटा भाऊ गेणू याला पुष्कळ वाट बघायला लावून मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला दोघी आत्या सोमाटण्याला गेल्या. थोरली लीलाबाई तळेगावहून आली, धाकटी कस्तुराबाई लोणावळ्याहून. बाळाचं तोंड बघून होतंय न होतंय तोच नावावरून जुंपली.

"मुक्ता ठिवायचं," कस्तुराबाई म्हणाली. मुक्ताबाई म्हणजे त्यांची आई. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. कस्तुराबाईला अजून माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की वाटायचं, आता चुलीपाशी हाक ऐकू येईल. ती येत नाही म्हटल्यावर तिचा जीव अगदी कासावीस व्हायचा. घरात ते नाव पुन्हा फिरावं, एवढंच तिला हवं होतं.

"काय गं हे जुनंपुराणं!" लीलाबाई म्हणाली. "तळेगावात आता उषा, कुमुद अशी नावं ठिवत्यात. आमी कुमुद ठिवणार."

"आमी म्हंजी कोण गं आक्का? त्वा एकलीच आत्या हायेस व्हय?"

आवाज वाढला. बाळ रडायला लागलं. बाळंतीण विठाबाई बिचारी एकदा या नणंदेकडं बघी, एकदा त्या. शेवटी ओसरीवरून त्यांचे म्हातारे वडील रखमाजी आबा ओरडले, "गप बसा गं दोघी! आपल्या घरात रीत हाय न्हवं? जिनं आपल्या हातानं केलेल्या चिमण्या पाळण्यावर लागत्यात, ती नाव ठिवती. बारशाला घिऊन या. बाया बघतील कुणाच्या लावायच्या ते."

लीलाबाई गालातल्या गालात हसली. तिची शिवण सगळ्या मावळात नावाजलेली. तिचं ते हसू बघून कस्तुराबाईचं टाळकं सटकलं आणि मघाचं ते वाक्य तिच्या तोंडून गेलं.

लोणावळ्याला परतल्यावर तिनं ट्रंकेतलं जुनं चीट काढलं आणि खोलीसमोरच्या उन्हात बसली. पौषातली थंडी होती, बोटं वळत नव्हती. चीट कापावं तर कडेचे धागे सुटत. ते आत मुडपावेत तर चिमणी एवढीशी होई. कापूस भरावा तर एकीकडून भरलेला दुसरीकडून बाहेर येई. दुपारपर्यंत एक चिमणी झाली. तिला मान नव्हती. पोट मात्र सावकाराला लाजवेल असं होतं.

शेजारच्या ठकी, छबू आणि सारजी या पोरी समोर येऊन उकिडव्या बसल्या होत्या. ठकी त्यांतली मोठी, सारजी अगदी बारकी, अजून नाक पुसायला आई लागणारी.

"मावशी, ह्ये वांगं हाय का?" सारजीनं विचारलं.

"तुझं कपाळ हाय! पळा हितनं!"

पोरी पळाल्या नाहीत. त्या कधीच पळत नसत, कारण मावशी ओरडून झालं की गूळ देते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चीट कोपऱ्यात भिरकावून कस्तुराबाई धुण्याला लागली. महिपतीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बंगल्यातल्या बाईसाहेबांनी मुंबईला परत जाताना एक लाल लोकरीचा स्वेटर दिला होता. तो बारशाला घालून सासुरवाडीत मिरवायचं, असं महिपतीनं ठरवलं होतं. पण त्याला कुणा परक्या साहेबाच्या अंगाचा वास. बाईनं विचार केला, स्वच्छ करून देऊ.

आता मावळातल्या बाईला धुणं ठाऊक ते एकच. उकळायचं, आपटायचं, पिळायचं. लोकरीचं म्हणाल तर घरात घोंगडी, आणि ती काही कुणी धूत नाही, झटकतात. तिनं चुलाणावर पाणी खळखळ उकळलं, त्यात मूठभर सोडा टाकला, स्वेटर आत बुचकळला आणि काठीनं चांगला ढवळला. मग दगडावर घेऊन धोपटण्यानं असा बडवला, की लीलाबाईचा रागही त्यातच निघाला. पुन्हा उकळला, पुन्हा बडवला. बघते तर काय, दर बडवणीला स्वेटर लहान होतोय! ती घाबरली आणि मळ राहिला असेल म्हणून आणखी उकळला.

संध्याकाळी महिपती आला तेव्हा दोरीवर एक लाल, जाडजूड, ताठ वस्तू वाळत होती. तिला दोन ठेंगण्या बाह्या होत्या.

"ह्ये काय?"

"तुमचा स्वेटर."

महिपतीनं तो दोरीवरून काढून छातीला लावून बघितला. मग शांतपणे म्हणाला, "मांजर पाळू या. त्याला हुईल."

कस्तुराबाई मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. स्वेटरसाठी नव्हे हो! तिला एकदम सगळंच दिसलं. चिमण्या होणार नाहीत, आक्का कुमुद म्हणणार, आणि आईचं नाव जायचं ते जाणारच. "म्या कशाला बोलले? माजी जीभच झडली न्हाई ती!" असं म्हणून ती रडायला लागली. महिपती गडबडला. "अगं, ऱ्हाऊ दे की. स्वेटरबिगर कुणी मरत न्हाई," असं तो परत परत म्हणत राहिला. रडण्याचं कारण वेगळंच आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई भाकऱ्या करत होती तेव्हा बाहेर पोरींची कुजबुज फार वाढली. बघते तर ठकीनं कात्री घेऊन स्वेटरची बाही कापलीय! कस्तुराबाई उलथनं घेऊनच धावली.

"मावशी, मारू नगंस! आदी बघ तर खरी," ठकी म्हणाली. "ह्याचं धागं सुटत न्हाईत!"

कस्तुराबाईनं तुकडा हातात घेतला. खरंच की! उकळून, बडवून लोकर एकमेकीत अशी रुतून बसली होती की कुठंही कापा, कड जशीच्या तशी. मुडपायला नको, दुमडायला नको. तिनं उलथनं खाली ठेवलं.

मग काय विचारता! भाकऱ्या तव्यावर करपल्या. ठकीनं वाटी पालथी ठेवून चुन्यानं गोल काढला. गोल मधोमध कापला की दोन चिमण्यांचं काम झालं. अर्धा गोल दुमडून सरळ बाजू शिवली की झालं पानाच्या पुड्यासारखं अंग. आत सावरीचा कापूस दाबून भरायचा. टोकाला शेपूट, दोन बाजूंना दोन पंख, तेही नुसते कापून टाचायचे. गोणी शिवायचं एक बोथट दाभण होतं, ते छबूला मिळालं. तिचे टाके हरभऱ्याएवढे पडत, पण लोकर जाड असल्यामुळं त्यातून कापूस काही बाहेर येत नव्हता. चोचीसाठी बंगल्यातलाच पांढऱ्या लोकरीचा मोजा होता. त्यालाही सोड्यात उकळून हळदीत बुडवलं. डोळे काळ्या दोऱ्याच्या गाठींचे.

कस्तुराबाईनं काय केलं? तिनं कापूस पिंजला, दोरा ओवून दिला, गूळ वाटला आणि ओरडली. स्वतः एकदा शिवायला घेतली, तेव्हा तिची चिमणी शिवणीच्या ठिकाणी उघडी राहिली आणि पदराला शिवली गेली. पोरी लोळून लोळून हसल्या. तीही हसली. तिची चिटाची वांग्यासारखी चिमणी तिनं गुपचूप पिशवीच्या तळाशी टाकली. कशाला कोण जाणे.

सारजीनं तिच्या चिमणीला दोन शेपट्या लावल्या होत्या.

"एक काढ गं," ठकी म्हणाली.

"न्हाई. एक मोडली तर दुसरी," सारजी म्हणाली, आणि मावशीकडं वळून विचारलं, "माजी बी टांगशील न्हवं?"

"टांगीन की. मदोमद टांगीन," कस्तुराबाईनं सांगितलं.

बारशाच्या दिवशी कस्तुराबाई आणि साधा कोट घातलेला महिपती सकाळच्या गाडीनं तळेगावला उतरून सोमाटण्याला पोचले. घर बायांनी गच्च भरलं होतं, घुगऱ्यांचा वास सुटला होता. लीलाबाईनं आपल्या चिमण्या आधीच ताटात मांडल्या होत्या. हिरवं रेशमी कापड, बारीक एकसारखी टीप, पंखांना जर. बघतच राहाव्यात! तरी कस्तुराबाईनं पिशवीतून आपल्या लाल चिमण्या काढून शेजारी ठेवल्या.

बाया पुढं सरकल्या. "अगं बाई, कसलं गं ह्ये कापड?" "मऊ किती, ना शिवण टोचती ना जर." "तान्ह्या पोराला ह्येच बरं!" बाळानं हात हलवला आणि विठाबाईनं एक लाल चिमणी त्याच्या मुठीपाशी नेली. कस्तुराबाईच्या जिवात जीव आला. जिंकत आली होती ती!

"कस्तुरे, ह्या त्वा केल्यास? तुझ्या हातानं?" एका म्हातारीनं डोळे बारीक करून विचारलं.

कस्तुराबाईनं तोंड उघडलं. 'व्हय' हा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात दुसरी एक बाई सारजीची चिमणी उचलून खिदळली, "आन् ह्ये काय ध्यान? दोन शेपटं! करणारीचं डोकं फिरलं हुतं का हात मोडला हुता?"

संपलं. कस्तुराबाईचा पारा चढला.

"सारजीला नावं ठिवायची न्हाईत, सांगून ठिवते! एवढीशी पोर, तिच्यापरीस दाभण मोठं, तरी तिनं केली. एक मोडली तर दुसरी असावी म्हणून लावलीय. तुमाला सुचलं असतं का? आन् ही ठकीची, ह्या छबूच्या. एकेक टाका बगा पोरींचा!"

बायांनी एकमेकींकडं बघितलं. आपण काय बोलून बसलो, हे तिला मग कळलं.

"म्हंजी तुझी एक बी न्हाई?" म्हातारीनं विचारलं.

कस्तुराबाईनं मान खाली घातली, पिशवीत हात घातला आणि चिटाचं वांगं काढून ताटात ठेवलं. "ही एक म्या केली," ती पुटपुटली. "ठिव आक्का, तूच नाव ठिव."

लीलाबाईनं ती चिमणी उचलली. उलटी केली, सुलटी केली, आणि मान कुठं आहे ते शोधताना तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पण पाणी आलं ते थांबेना.

"आबा," ती ओसरीकडं तोंड करून म्हणाली, "मला आता सुईचं नेढं दिसत न्हाई. लाजंपायी कुणाला बोलले न्हाई. माज्या चिमण्या तळेगावच्या शिंप्यानं मशिनीवर शिवल्यात. एक टाका बी माजा न्हाई त्यात."

आबा उठून दारात आले. त्यांनी ताटाकडं बघितलं, दोन्ही लेकींकडं बघितलं.

"मग त्यात इचार कसला?" ते म्हणाले. "तुझी एक बी न्हाई. हिची एक हाय."

लीलाबाईनं स्वतः ते वांगं पाळण्याला बांधलं. भोवती पोरींच्या लाल चिमण्या लावल्या, दोन शेपटांची अगदी मधोमध. कस्तुराबाई वाकली, बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाली, "मुक्ता." तोच पाठीवर बायांचे धपाटे बसायला लागले. सगळ्यांत जोरात लीलाबाईचा होता. "बस गं आक्का, मेले!" असं ओरडत कस्तुराबाई हसत होती, रडत होती.

घुगऱ्या वाटून झाल्या, बाया पांगल्या. दोघी बहिणी ताटं आवरत होत्या, तेव्हा आत पाळण्याची दोरी करकरत होती. आबा एकटेच बसून पाळणा हलवत होते.

"मुक्ता," ते हळूच म्हणाले. मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं.

दारातल्या दोघी जागच्या जागी थबकल्या. उभ्या संसारात आबांनी त्यांच्या आईला नावानं हाक मारली नव्हती. त्या काळी कुणी मारत नसे. 'अगं ए' नाहीतर 'लीलाची आई', एवढ्यावरच जन्म गेला होता. आता नातीला नावानं हाक मारायला कोण नको म्हणणार?

"मुक्ता!" आबा जरा मोठ्यानं म्हणाले. कुणी अडवलं नाही. "ए मुक्ता! मुक्ताऽ!"

पोर लाल चिमण्यांकडं टकामका बघत होती, तिला हाकेचं काय? लीलाबाईनं कस्तुराबाईचा हात घट्ट धरला. म्हातारा हाका मारायचा थांबेचना.