पॉइंटांची खिडकी

जळगावात नारखेड्यांच्या स्वयंपाकघरात खिडकी उगवली ती एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी, नवा मिक्सर घरी आला त्या दुपारी. ओट्याच्या वर, मसाल्याच्या फळीच्या डावीकडे, ताटलीएवढी, लंबगोल, दुहेरी काचेची. तिच्यातून जामनेर दिसत होतं. वरून.

पुंडलिकराव नारखेड्यांनी बत्तीस वर्षं भूमापन खात्यात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या होत्या. जामनेर त्यांनी बघताक्षणी ओळखलं. भिंतीपलीकडे शेजारच्या बेंडाळ्यांचं बाथरूम होतं, म्हणून ते तिकडे जाऊन तेही पाहून आले. पलीकडे टाइल्स होत्या, बादली होती आणि बेंडाळ्यांचा ओला टॉवेल होता. जामनेर फक्त अलीकडून दिसत होतं.

"इथून जामनेर किती हो?" कुमुदताईंनी विचारलं.

"छत्तीस किलोमीटर."

"आणि मिक्सरचे पॉइंट किती आले?"

पुंडलिकरावांनी मोबाइल लांब धरून पाहिला. विमानप्रवासाचे पॉइंट, एकूण छत्तीस.

कुमुदताईंनी पदराने काच पुसली. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "आणि हॅमिल्टन किती?"

हॅमिल्टन न्यूझीलंडमध्ये आहे आणि तिथे त्यांची एकुलती एक मुलगी हर्षदा नवऱ्याबरोबर राहते. चार वर्षांत ती आली नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "आम्ही दोघं मजेत आहोत" हे ती हल्ली कुणी विचारायच्या आतच सांगायची, आणि तेवढ्यामुळेच कुमुदताईंना रविवारची झोप लागत नसे. तिकिटांसाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे दोन वर्षांपूर्वी पुंडलिकरावांच्या दोन्ही गुडघ्यांत बसवून झाले होते. खरेदीवर विमानाचे पॉइंट देणारं बँकेचं कार्ड त्यांनी घेतलं ते त्यानंतर.

"बारा हजार दोनशे," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना ते तोंडपाठ होतं.

खिडकीत एक दोष होता. तिच्यात निम्म्याहून जास्त विमानाचा पंख यायचा आणि जामनेर उरलेल्या फटीतून बघावं लागायचं. पुंडलिकराव बँकेत गेले. तिथे कार्डांच्या टेबलावर ढाके मॅडम बसत.

"पंख आडवा येतो," ते म्हणाले.

"लाइफटाइम फ्री घेतलंय ना तुम्ही," ढाके मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "फ्रीमध्ये पंखावरचीच सीट येते. फीवालं घ्या, मोकळं दिसेल."

त्यांनी दोन कार्डं टेबलावर ठेवली, एक निळं आणि एक काळं.

"पेट्रोलवर पॉइंट नाहीत. विम्यावर नाहीत, सोन्यावर नाहीत, घरभाड्यावर नाहीत."

"मग कशावर आहेत?"

"बाकी सगळ्यावर. पण दोन वर्षं. पुढचा सोडून त्यापुढच्या मार्चच्या एकतीसला दिवस संपला की सगळं शून्य."

पुंडलिकरावांनी तीन रात्रींऐवजी तीन सकाळी घालवून आलेख कागदावर हिशेब मांडला. रात्री त्यांना चष्म्याचा त्रास होतो. कागदावर एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला पृथ्वी. निळ्या कार्डाने गेलं तर मुदत संपेल तेव्हा ते दोघं सुमात्राच्या अलीकडे समुद्रावर असणार होते. काळ्या कार्डावर किराण्याला चाळीस रुपयांना एक पॉइंट होता. ते हॅमिल्टनच्या चारशे किलोमीटर अलीकडे संपत होतं.

"काळंच घ्या," कुमुदताई म्हणाल्या. "चारशेचं मी बघते."

पंख गेला. त्या दिवसापासून घरात जे काही आलं ते कार्डावर आलं. तूरडाळ आली आणि खाली बुलढाण्याचे डोंगर सरकले. अंगणवाडीला वाटायला म्हणून पेन्सिलींचे खोके घेतले तेव्हा लोणारचं सरोवर आलं, खोबऱ्याच्या वाटीत पाणी धरावं तसं. दोघांनी ओट्याशी स्टुलं लावली. सकाळचा चहा तिथेच व्हायचा. पुंडलिकराव खालच्या शेतांकडे बघत म्हणायचे, "ह्या दोघांच्यात बांधावरून भांडण आहे बघ," आणि कुमुदताईंना ते वरूनही पटायचं.

दिवाळीच्या फराळाच्या सामानावर किनारा संपला आणि समुद्र सुरू झाला.

समुद्र पाच महिने होता. रवा आणा, साबण आणा, पुंडलिकरावांच्या बंड्या आणा, खाली समुद्रच. कुमुदताई त्या काळात खिडकीकडे बघत नसत. पोळ्या लाटता लाटता पाठमोऱ्याच विचारायच्या, "काही आलं का?" आणि पुंडलिकराव सांगायचे, "एक बोट आहे." बोट नसली तरी सांगायचे.

खिडकीमुळे स्वयंपाकघर गार पडू लागलं. भात शिजायला सात शिट्ट्या लागू लागल्या. वेफर्सची पाकिटं उशांसारखी फुगायची आणि ओट्याजवळ गेलं की कानात दडे बसायचे. बाहेर जळगावात पारा सेहेचाळीसला टेकला तेव्हा कुमुदताई स्वेटर आणि पुंडलिकराव कानटोपी घालून फोडणी देत होते. मे महिन्यात आळीतली सगळी माणसं त्यांच्याकडे दुपारची यायला लागली, येताना शाल घेऊन.

"नारखेडे, भिंत माझ्याही मालकीची आहे," विलास बेंडाळे सुमात्राच्या जंगलाकडे बघत म्हणाले. "माझ्या बाथरूममधून तुम्ही जग बघताय. निम्मं भाडं द्या."

"भाड्यावर पॉइंट नाहीत," पुंडलिकराव म्हणाले.

त्यावरून कुमुदताईंना चारशेचा मार्ग सुचला. बेंडाळ्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं. कुमुदताईंनी रत्नाबाई बेंडाळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं, ओट्याशी बसवलं, गार सरबत दिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, खरेदी तुमची तुम्हीच करा. फक्त कार्ड आमचं घासा आणि आम्हाला रोख द्या."

"कार्ड दिल्याने तुमचं काय जातं?"

"काही जात नाही. आम्ही जातो."

लग्नाच्या खरेदीने ऑस्ट्रेलियाचं वाळवंट एका दुपारीत ओलांडलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, सहा पैठण्या, मानपानाची भांडी. खालून विटकरी रंग इतक्या जोरात वाहत गेला की बघायला आलेल्या दोन बायकांना चक्कर आली. पुंडलिकरावांनी मधे डुलकी काढली आणि उठले तोवर एक अख्खं राज्य गेलं होतं. आठवड्याने रत्नाबाईंनी रंग आवडला नाही म्हणून मिक्सर परत केला, तेव्हा तेवढं वाळवंट मागे आलं आणि तेच उंट पुन्हा दिसले.

पण लग्न एकच होतं. शेजाऱ्यांना रोज काही लागत नाही, आणि पुढे पुन्हा समुद्र होता. मग नारखेड्यांना लागायला लागलं. दोघांच्या घरात पाच कुकर आले. तांदळाच्या गोण्या हॉलमध्ये, डाळींचे डबे पलंगाखाली, पायपुसण्यांचा गठ्ठा देवघरासमोर. हॉलमधून स्वयंपाकघरात जायला आधी दरवाजा होता, मग गल्ली झाली, मग दोघं आडवे होऊन, पोट आत घेऊन जाऊ लागले. ओट्यावर एकाच शेगडीपुरती जागा उरली. खिडकी मात्र कशानेही झाकली जाऊ दिली नाही.

सत्तावीस मार्चला सकाळी, साबुदाण्याच्या गोणीवर, हिरवं गवत आलं, नदी आली आणि हॅमिल्टन आलं. पुंडलिकरावांनी मोबाइलवरच्या पत्त्याशी गल्ल्या जुळवल्या. लाल छपराचं, कोपऱ्यावरचं. ते बरोबर खिडकीच्या मध्यावर होतं, मोहरीएवढं.

"चला, उतरू या," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी इरकल नेसली होती. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. तेव्हा पुंडलिकराव बँकेत गेले.

"पोहोचलो," ते म्हणाले. "खाली कसं जायचं?"

ढाके मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "पॉइंट आडव्या अंतराचे असतात, काका. उंची त्यात धरत नाहीत. अटींमध्ये आहे."

मोजणीतही साखळी आडवीच धरतात. टेकडीवरचं शेत मोजताना चढउतार धरत नाहीत, हे पुंडलिकरावांनीच कितीतरी शेतकऱ्यांना उन्हात उभं करून समजावलं होतं. त्यातल्या एकालाही ते पटलेलं नव्हतं.

"उतरायचं वेगळं कार्ड आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ते पगारदारांना. पेन्शनला नाही."

घरी आल्यावर त्यांनी कुमुदताईंना सांगितलं. कुमुदताईंनी लाडवांचा डबा एका कुकरवर ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं.

"बरं. बघू तरी."

चार दिवस होते. कार्ड कपाटात कुलपात ठेवलं, कारण आता एक पॉइंटही चालला नसता. दूध, भाजी सगळं रोखीने. पुंडलिकरावांनी माळ्यावरून लेव्हलची दुर्बीण काढली. कचेरीच्या लिलावात ती त्यांनी घेतली होती. जुन्या मोजणीच्या दुर्बिणींतून सगळं उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. बत्तीस वर्षं त्यांना जग तसंच बघायची सवय होती. कुमुदताईंना अर्धा दिवस लागला.

इथे सकाळचे सात वाजत तेव्हा तिथे दुपार असे. हर्षदा मागच्या दाराने बाहेर यायची. परसात छत्रीसारखी उघडणारी, गरगर फिरणारी कपड्यांची दोरी होती. दुर्बिणीत ती हर्षदा गवताला लोंबकळल्यासारखी दिसायची. केस कापले होते. बारीक झाली होती. चालताना एक पाय किंचित जपून टाकायची, त्याबद्दल कुठल्याही रविवारी काही कळलेलं नव्हतं.

कुमुदताई कपडे मोजत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाल्या, "अहो, दोरीवर एकाच माणसाचे कपडे आहेत."

"त्याचे तो लाँड्रीत देत असेल."

"चादरसुद्धा एकेरी आहे."

पुंडलिकरावांनी कानटोपी काढली आणि पुन्हा घातली.

एकतीस मार्चला सकाळी कुमुदताईंनी फोन लावला. आज रविवार नव्हता. दुर्बीण कुकरच्या खोक्यांवर टेकवून पुंडलिकराव तिच्यामागे बसले होते. हर्षदा ओल्या कपड्यांची टोपली घेऊन दारातच उभी होती. टोपली कमरेवर घेऊन तिने फोन कानाला लावला.

"आई? काय गं, आज मधेच?"

"सहज. काय चाललंय?"

"काही नाही. मजेत आहोत दोघं." मग जरा थांबून, "कपडे वाळत घालायचेत, पण ढग आलाय. गेले चार दिवस बघतेय, बरोब्बर आमच्याच परसावर येऊन बसतो. शेजारी सगळं लखलखीत ऊन. एक कपडा धड वाळत नाहीये."

पुंडलिकरावांनी दुर्बीण जराशी हलवली. परसात गवतावर एक काळपट चौकोन पडला होता. इतक्या उंचावरून तसा पडायला नको होता. दहा फूट बाय आठ फूट, त्यांच्याच स्वयंपाकघराच्या मापाचा, डावीकडे ओट्याएवढा बाहेर आलेला. त्यांना मोजायची गरज पडली नाही. फिरती दोरी सगळीच्या सगळी त्यात होती.

त्यांनी बोटाने कुमुदताईंना दाखवलं. कुमुदताईंनी बघितलं. फोनवर हात ठेवला.

"जरा सरका ना हो."

"किती?"

"तीस फूट. तिची दोरी सुटली की झालं."

"तीस फुटांचं काही मिळत नाही, कुमुद. कमीत कमी एक किलोमीटर."

"आणि मग परत केलं तर?"

"परतीला सात दिवस लागतात."

एकतीस मार्चला ते सात दिवस हातात नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. फोनमध्ये हर्षदा म्हणत होती, "आई? ऐकू येतंय का? काही नाही गं, थांबते मी. जाईल." ती पायरीवर बसली. जपून टाकायचा तो पाय तिने लांब केला आणि टोपली मांडीवर घेतली.

कुमुदताईंनी कपाटाची किल्ली कमरेची काढून पुंडलिकरावांच्या हातात दिली.

"काय घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या काहीही. मीठ घ्या. दोन पुड्या."

पुंडलिकराव गल्लीतून पोट आत घेऊन गेले, कार्ड घेऊन तसेच परत आले. कोपऱ्यावरच्या दुकानातून मागवायचं म्हणून मोबाइलवर त्यांनी मिठाच्या दोन पुड्या टाकल्या, कार्डावरचे आकडे एकेक करून भरले आणि दुर्बिणीला डोळा लावून, न बघता, अंगठ्याने बटण दाबलं.

"अय्या, गेला!" हर्षदाचा आवाज आला. "आई, ऊन आलं बघ."

"हो का गं," कुमुदताई म्हणाल्या. "मग घाल कपडे. घाल पटकन. मी आहे फोनवर."

हर्षदा उठली. फोन खांद्याशी मानेने धरून तिने चिमटे तोंडात घेतले. डोकं खाली, पाय वर, तिच्याखाली सगळं आभाळ. आधी लाल छप्पर काचेबाहेर गेलं, मग पायरी, मग टोपली. फोनमध्ये तिचा मिटल्या तोंडाचा हुंकार येत होता. दुर्बिणीच्या कडेला एक हात राहिला, आणि तो एकेरी चादर झटकत होता.