चाचणीचा पत्ता

मी वेबसाइटी बनवतो. रत्नागिरीत हे सांगितलं की लोक विचारतात, "ते कळलं, पण नोकरी कुठे?" तर दिवसा मारुती मंदिराजवळ एका ऑफिसात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी फुटकळ कामं: कुणा आंबेवाल्याची साइट, कुणाचं गणपतीपुळ्याचं लॉज. उरलेला सगळा जीव जुन्या गाड्यांत. त्या खुळापायी जे झालं ते सांगतो. माझी बाजू घेऊ नका, मीच घेत नाही.

२००६ च्या मे महिन्यात हरिहरकाका माझ्याकडे आले. शाळेत मला शिकवायला होते. त्यांच्या कुळाचा कुलवृत्तांत त्यांनीच अठ्ठ्याण्णव साली छापला होता, चौदा पिढ्यांची नावं, लग्नं, मुलंबाळं सगळं. "देवदत्त, हे इंटरनेटवर घाल," म्हणाले, "आणि कुणाला काही कळवायचं असेल तर खाली सोय ठेव." मी म्हटलं, "काका, पैसे नकोत. तुमच्या अंगणात ती डुक्कर फियाट सडतेय, ती द्या." छप्पन सालची गाडी! मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मजकूर टाइप करताना खरी गोष्ट कळली. छापील पुस्तकात त्यांच्या एकुलत्या मुलाच्या, अपूर्वच्या, नावापुढे लग्नाची जागा कोरी होती. अपूर्वने इथल्याच बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या दिशाशी लग्न केलं होतं, होडीवाल्या गंगारामच्या मुलीशी. काकांनी ते छापलं नाही. लग्नाचं बोलायला आलेल्या गंगारामलाही त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं होतं. अपूर्वने पुस्तकाचं ते पान उघडून आईपुढे ठेवलं आणि गेला तो गेलाच. आता काका मला सांगत होते, "तिथे लिही, पत्नी दिशा, माहेर मिरकरवाडा. कुठेही असला तरी बघेल तो."

"अहो, मिरकरवाडा काय काशीत आहे?" कुसुमकाकू आतून कडाडल्या. "जाऊन विचारा की पत्ता!"

काकांची अख्ख्या जगाला सांगायची तयारी होती, पण गंगारामच्या दारात उभं राहायला तोंड नव्हतं.

साइट झाली. खाली फॉर्म ठेवला. कुणी तो भरला की मजकूर ईमेलने यायचा. काम चालू असताना तो नीट येतो की नाही हे बघायला मी माझाच एक चाचणीचा पत्ता घातला होता. शेवटी तो काढून काकांचा घालायचा, एका ओळीचं काम. त्याच दिवशी चिपळूणहून फियाटचा कार्ब्युरेटर आला आणि ती एक ओळ राहून गेली. कप्पाळ माझं!

दर रविवारी सकाळी काका यायचे. मी गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसून त्यांचा मेलबॉक्स उघडायचो. रिकामा. "काही नाही हो काका." ते मान हलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

एकदा चाचरत म्हणाले, "देवदत्त, तो फॉर्म चालतोय ना रे? एकदा भरून बघतोस?"

मी उखडलो. "काका, मी रोज हेच करतो. तुम्ही शिकवत असताना मी कधी मध्ये बोललो होतो का?"

"तसं नव्हे रे," ते ओशाळून म्हणाले आणि चहा न घेताच गेले. माझा शहाणपणा तरी किती असावा!

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी तो चाचणीचा पत्ता उघडला. फालतू जाहिरातींच्या गर्दीत अपूर्वची तीन पत्रं होती.

जुलैत: "बाबा, साइटवर दिशाचं नाव वाचलं. तिला दाखवलं. रडली. हे तुम्ही लिहिलंत ना?" खाली बडोद्याचा फोन नंबर.

ऑगस्टमध्ये: "गणपतीला येतो आहोत. चोवीस तारखेला सकाळच्या गाडीने उतरू. तुम्ही स्टेशनवर आलात तर घरी येऊ. नाही आलात तर मी समजून जाईन."

सप्टेंबरात: "दोन तास थांबलो. उर्वी सहा वर्षांची आहे, प्रत्येक म्हाताऱ्याकडे बोट दाखवून 'हे का आजोबा?' विचारत होती. आता लिहिणार नाही."

तिन्ही पत्रं छापून घेतली आणि भर दुपारी काकांकडे गेलो. काय झालं ते उभ्याउभ्याच सांगून टाकलं. काकांनी पत्रं वाचली, पुन्हा वाचली. काकूंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"मेल्या, हा माणूस दर रविवारी तुझ्या दारात येत होता रे!" त्या मला म्हणाल्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी रिसीव्हर उचलला. बटणं मी दाबली आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. अपूर्वनेच उचलला. काकांनी सांगायला सुरुवात केली, पत्रं आजच मिळाली, कॉम्प्युटरची चूक झाली, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"बाबा," अपूर्व शांतपणे म्हणाला, "पुस्तकाच्या वेळी छापखान्याची चूक म्हणाला होतात."

मी रिसीव्हर हिसकावला. "अपूर्वदादा, मी देवदत्त, साइट मी केली, खरंच माझी चूक आहे!"

"त्यांनी बोलायला लावलं ना तुला?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेऊन जागेवर ठेवला. मला वाटलं, आता हाकलतील. पण ते म्हणाले, "कागद घे. लिही. मग असंच्या असं त्याला ईमेलने पाठव." ते सांगू लागले, मी लिहू लागलो.

"चि. अपूर्व आणि चि. सौ. दिशा यांस अनेक आशीर्वाद. छापखान्याची चूक नव्हती. चूक माझी."

"काका, पण आताची चूक माझी आहे," मी म्हणालो. "तेही लिहू दे ना. नाहीतर तो तुम्हालाच..."

"तुझी तुझ्यापाशी ठेव," काका म्हणाले. "ती घातली की माझी पुन्हा झाकली जाईल."

काकू पदराने डोळे पुसत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी तेवढ्याच तीन ओळींचं पत्र पूर्ण केलं आणि खाली काकांनी सही केली.