जुन्यातलं काहीतरी

पुतणीनं फाइलपर्यंतच्या मार्गाची पहिली तीन अक्षरं टाइप केली आणि टॅबची कळ दाबली. उरलेला मार्ग एडिटरनं, म्हणजे लिहिण्याच्या प्रोग्रॅमनं, स्वतःच भरला, तोही झोकात आणि साफ चुकीचा. फाइल हवी होती नव्या फोल्डरमधली, आणि हा पठ्ठ्या गेल्या वर्षीच्या फोल्डरकडे बोट दाखवत होता.

"परत तेच," ती वैतागून म्हणाली.

शेजारी काका चष्मा पुसत बसले होते. हा एडिटर त्यांनीच उभा केलेला, आणि पुतणीला या कामात आणलं तेही त्यांनीच. परवा अशाच मार्गानं घात केला होता. छापखान्यातल्या माणसानं टॅब दाबला, न बघता पुढे गेला आणि नव्या पुस्तकात जुना कच्चा मजकूर छापून मोकळा झाला. चूक काकांची निघाली तर एडिटर त्यांच्याकडून काढून घ्यायचा, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. एडिटर गेला तर काकांकडे उरणार काय?

"नावातल्या रिकाम्या जागा बघितल्यास? तिरक्या रेघा?"

"सगळं बघितलं, काका. काकू बरी आहे ना?"

"माहेरी गेलीय चार दिवस," काका पटकन म्हणाले.

काकूचा फोन सकाळीच आला होता, काकांच्याच घरून. 'यांच्याकडे जरा लक्ष ठेव गं,' एवढंच बोलून तिनं फोन ठेवला होता. पुतणीनं एकदा काकांकडे पाहिलं. ती पुन्हा कामाला लागली.

एडिटरचा एकेक नियम बंद करत गेली, तसा एका नियमाशी दोष थांबला. नाव सापडलं नाही, की जुन्या फोल्डरांतलं जवळपासचं नाव भरायचं, असा तो नियम. त्याच्या वर लिहिणाऱ्याची टीप होती: 'सापडत नाही असं म्हणू नये. जुन्यातलं काहीतरी द्यावं.'

काकांनी वाकून वाचलं आणि ते भडकलेच.

"कोण हा दीडशहाणा? नाही सापडलं तर नाही म्हण की बाबा! उगाच काहीतरी ठोकून द्यायचं? बघ कोण ते. आजचा चहा त्याच्याकडून!"

ऑफिसची रीतच होती तशी. ओळीवर क्लिक केलं की लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसायची, आणि चूक ज्याची, चहा त्याचा. पुतणीनं हसत हसत क्लिक केलं. काकांनी चष्मा पुन्हा पुसायला काढला होता. नाव त्यांचंच होतं, तारीख गेल्या महिन्यातली.

तिनं झटकन ती चौकट बंद केली.

"कोण निघालं गं?"

"मीच की, काका."

"तू?" काका दिवसभरात पहिल्यांदा मोकळं हसले. "अगं वेडे, नाही आठवलं तर विचारायचं. लाजायचं काय त्यात? मी आहे ना!"

तिला रडू आलं. चहा सांगून येते म्हणत ती उठली. दारातच साहेब भेटले.

"सापडला दोष?"

"हो. माझा होता."

"म्हणजे काकांची चूक नाही." साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग राहू दे एडिटर त्यांच्याकडेच. सांभाळतील ना ते?"

पुतणीनं मागे वळून पाहिलं. काका पलीकडच्या टेबलावर कौतुकानं सांगत होते, "आमची पोरगी! चूक केली, पण लपवली नाही."

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही चहा घेणार ना?"