अक्षरांचा पेजर

माझ्या बापानं मिशनच्या शाळेत तीस वर्षं पोरं बडवली, त्यामुळे अडाणीपणाची मला उपजत चीड. आणि तोंड म्हणाल तर तिखट. नागापूरच्या एमआयडीसीपाशी माझा एसटीडीचा बूथ होता, तेव्हा गिऱ्हाइकं फोनच्या मीटरपेक्षा मलाच जास्त भ्यायची. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं ह्या तोंडानंच केलंय.

सत्त्याण्णव साल. बूथमागच्या चाळीत सम्राट राहायचा. कारखान्यांचे जनरेटर दुरुस्त करायचा. आज सुपा, उद्या राहुरी, माणूस कुठं सापडायचा नाही. बायको जयमाला, सहावा महिना सरत आलेला. सासू नाही, आई लांब पाथर्डीकडं. म्हणून त्यानं पेजर घ्यायचं काढलं. मोबाईल तेव्हा साखर कारखान्याच्या चेअरमनच्याच हातात दिसायचा.

माळीवाड्यातल्या दुकानदारानं दोन दाखवले. एक आकड्यांचा. फोनवर नुसती बटणं दाबायची, तेवढे आकडे पलीकडं उमटणार. दुसरा अक्षरांचा. त्यात फोन पेजरच्या कंपनीतली बाई उचलणार, तिला निरोप सांगायचा, मग ती टाइप करून पाठवणार. दोन्हींची माहितीपत्रकं घेऊन नवराबायको माझ्याकडं आले. मला विचारल्याशिवाय चाळीत कुणी मिक्सरसुद्धा घेत नसे.

"स्टेलाताई, कोनता घेऊ?"

जयमाला मधेच म्हणाली, "मला आकड्यांचा बरा वाटतो. एक दाबला की सवडीनं या. नऊ दाबला की हातातलं टाकून या. आमी ठरवलंय पन."

"आता गं बया!" मी कपाळावर हात मारला. "नवऱ्याला बोलावायचंय का मटक्याचा आकडा लावायचाय? देवानं तोंड दिलंय ना? चार शब्द बोल की. सम्राट, अक्षरांचाच घे रे. शिकलासवरलेला माणूस तू."

"पन ताई, परक्या बाईला सगळं सांगावं लागतं," ती हळूच म्हणाली.

"नवऱ्याला घरी बोलवायची लाज? मग हे पोट काय पोस्टानं आलं?"

सम्राट हसला. फोनसाठी थांबलेली दोन गिऱ्हाइकंही खदखदून हसली. जयमाला लालेलाल झाली आणि तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सम्राटच्या पट्ट्याला अक्षरांचा पेजर लागला.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी भर दुपारी ती बूथवर आली. पदर कमरेभोवती घट्ट गुंडाळलेला. बाकावर सहादूमामा बसले होते. चाळीतले सगळ्यात वडीलधारे. जयमाला त्यांना सासऱ्याच्या जागी मानायची, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. शेजारी शिफ्ट सुटलेले दोन कामगार. माझ्या बूथला काचेची केबिन नव्हती, बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

"बस गं," मी स्टूल सरकवलं.

"नको ताई." ती उभीच राहिली.

मी नंबर लावून दिला. जयमाला फोनमध्ये म्हणाली, "घरी या म्हनावं." पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तिनं मागं वळून सहादूमामांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "न्हाई, तसं काही न्हाई. सवडीनं या."

"बघ, जमलं की नाही?" मी म्हणाले. "उगाच घाबरत होतीस मेली."

ती हसल्यासारखं करून भिंतीला धरत धरत गेली. सातव्या महिन्यात बायका धरतातच भिंत. माझी दोन बाळंतपणं झालेली, मला काय कुणी शिकवायचं?

ती उभी होती तिथं फरशीवर दोन-तीन लाल डाग दिसले. मी त्या कामगारांवर तुटून पडले. "मेल्यांनो, पान खाऊन माझ्या फरशीवर थुंकता?" ते बिचारे गळ्याची शपथ घेऊन सांगत होते, "अवो बाई, आमी पान खातच न्हाई." मी कुठली ऐकतेय! त्यांना हाकलून दिलं, ओलं फडकं घेतलं, डाग पुसले आणि फडकं बाहेर नेऊन पिळलं.

सम्राट राहुरीला होता. पेजर वाजला, त्यानं वाचलं. सवडीनं म्हणजे सवडीनं. हातातलं काम उरकून दिवेलागणीला घरी आला. त्याची किंकाळी ऐकून आम्ही सगळे धावलो. चाळीतल्या पंकजच्या टेम्पोत घालून सिव्हिलला नेलं. मूल पोटातच गेलं होतं. जयमाला तासाभरानं गेली. रक्त फार गेलं, दुपारीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पंकजचा टेम्पो त्या दिवशी सकाळपासून माझ्या बूथपुढं उभा होता, वीस पावलांवर.

जयमालाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सम्राट बूथवर आला. पेजर माझ्यापुढं ठेवला. निरोप त्यानं पुसला नव्हता.

"ताई, मी पुण्याला चाललोय, कंपनीशी भांडायला. त्या बाईनं चुकीचं टाइप केलं. जयमाला असं म्हननारच न्हाई. तुमी इथंच हुता ना? काय म्हनाली ती?"

खोटं बोलणं सोपं होतं. राग काढायला त्याला एक परकी बाई मिळाली असती आणि मी सुटले असते. पण त्या पोरीची नोकरी गेली असती. माझ्या तोंडानं एक बाई खाल्ली होती, तेवढी पुरे झाली.

"तिनंच म्हटलं," मी सांगितलं. "सवडीनं या, असंच म्हटलं."

तो पेजरकडं बघत राहिला. "का म्हनाली आसंल?"

"माणसं होती रे. सहादूमामा होते. मी होते." मला रडू फुटलं. "आकड्यांचा मागत होती ती. मीच तिचं हसं केलं."

तो पेजर तिथंच टाकून निघून गेला. फरशीवरचे डाग कुणी पुसले, ते मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.