बिनटाक्याचा डोळा

लातूरच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन एक रात्र उलटली, तरी दानम्माने अजून मोकळा श्वास घेतला नव्हता. डोळ्याला टाकाच घातलेला नाही, हे कळल्यापासून थोरल्या जावेने, महानंदाअक्काने, तिचा पिच्छा पुरवला होता.

"टाका न्हाई? मग कसलं आपरेशन! मला चांगले पाच घातले होते. कुसळावानी टोचायचे." माहेरच्या पाटल्या दाखवाव्यात तशी अक्का आपले जुने टाके मिरवायची. "तोंड न शिवलेलं पोतं कुणी गाडीत घालतंय का?"

"अक्का, भेव घालू नका की."

"मी कुठं भेव घालून राहिले? वाकू नको, खोकू नको. अन् शिंक तर आणूच नको माय, भलतंच बाहेर यायचं."

उदगीरला त्यांच्या गल्लीत करंज्या दानम्माच्याच. अक्काची करंजी तेलात पडली की आ वासून सारण ओकणार, हे ठरलेलं. पट्टीमागे दानम्माला तेच दिसत होतं: आपला डोळा म्हणजे अक्काने मिटलेली करंजी.

डॉक्टर रुद्राणी आल्या, पट्टी सोडली. आता काय निघतंय या धास्तीने अक्काने तपकिरीची डबी काढली आणि एक चिमूट ओढली. उरलेली उडून दानम्माच्या नाकात गेली.

दानम्माने नाक गच्च दाबलं. चेहरा लालबुंद.

"आजी, दाबू नका! तोंड उघडा आणि शिंका!"

शिंक अशी आली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. दानम्माने ओंजळ डोळ्याखाली धरली होती. पडलंच तर झेलावं म्हणून.

ओंजळ रिकामी राहिली.

डॉक्टरांनी हसू आवरत डोळ्यात पिवळं औषध लावलं, निळ्या उजेडात निरखलं. "थेंबही गळत नाही. चीर सरळ नसते आजी, तिरकी असते, भुयारासारखी. आतल्या पाण्याचा दाबच तिला मिटवून धरतो. शेवटी कडांना थोडं पाणी देतो, त्या फुगून घट्ट बसतात. गळलं असतं तर टाका घातलाच असता."

"म्हंजे कडेला पाण्याचं बोट. करंजीला लावतेत तसं."

"तसंच समजा. फक्त डोळा चोळायचा नाही."

"ऐकलं का अक्का? पाण्याचं बोट! लग्न होऊन आले तवापासून सांगून राहिले."

अक्काने डबी पिशवीत खोल कोंबली आणि पदराच्या टोकाने, डोळ्याला धक्का न लावता, दानम्माचा गाल पुसला. अक्काचा स्वतःचा दुसरा डोळा कधीचा दुधाळला होता. कुणी विचारलं की म्हणायची, देवाला वाहिलाय.

"म्याडम," ती हळूच म्हणाली, "माझ्या ह्या डोळ्याला बी तसंच भुयार जमंल का? टाका नको बघा. लई टोचतेत."

दानम्मा कालपासून पहिल्यांदा पोटभर हसली.

"जमवा म्याडम. अन् वाचलेला टाका अक्काच्या तोंडाला घाला."