फोडलेली जोडी

दादाने आपली जुनी जीप दोर बांधून ओढत आणली आणि वर्कशॉपच्या दारात उभी केली, तेव्हा धाकट्याने सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या स्टुलावर एक पोतं टाकलं. जीपकडे त्याने नंतर बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

बारा वर्षांत दोघे भाऊ एकमेकांच्या दारात गेले नव्हते. कुणाच्या लग्नात समोरासमोर आलेच तर "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढ्यावर भागायचं. आणि आज दादा आपल्या पायांनी आला होता. दाढी पांढरी झाली होती आणि उजवा हात थरथरत होता, तो त्याने खिशात घालून ठेवला होता.

"मागचा क्राउन गेला," दादा म्हणाला. "तीन दात उडालेत."

क्राउन म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारं, जेवणाच्या ताटाएवढं दातेरी चाक. त्याला फिरवणारं मुठीएवढं चाक ते पिनियन. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून बसवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनशी नांदत नाही. आणि ही जीप बनवणं तर कंपनीने या भावांना मिसरूड फुटण्याआधीच बंद केलं होतं. दादाने महिनाभर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले होते.

"पण आपल्याकडे आहे की," दादा म्हणाला. डाव्या हाताने त्याने पिशवीतून तेलकट कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत पिनियन होतं, कोरं करकरीत, ताज्या ग्रीसमध्ये माखलेलं. नंबर सत्तेचाळीस. "निम्मी जोडी माझ्याकडे, निम्मी तुझ्याकडे."

ही जोडी वडिलांनी जीपबरोबरच घेऊन ठेवलेली. वडील गेल्यावर वर्कशॉपची वाटणी झाली. लेथ कुणाचा, वेल्डिंगचं मशीन कुणाचं, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते या जोडीवर. जीप दादाकडे जाणार, तर जोडीही त्याचीच, हे लहान पोरालाही कळलं असतं. पण धाकट्याने डोक्यात राख घालून घेतली होती. "अर्धं माझं," तो म्हणाला. दादाने मग क्राउन त्याच्यासमोर ठेवला आणि पिनियन स्वतः उचललं. धाकट्याला ते झोंबलं. नुसती अर्धी जोडी हातात देऊन आपली थट्टा केली, असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात त्याने क्राउनचे दात ग्राइंडरने बोथट केले, मध्ये पाइप जोडला, वर फळी ठोकली आणि हिरवा रंग मारला. खाली एवढं वजन असल्यामुळे स्टूल कधी कलंडत नव्हतं. गिऱ्हाइकं कौतुक करायची, आणि हाही हसून मान डोलवायचा.

"शोधावा लागेल," तो आता म्हणाला. "कुठल्यातरी खोक्यात असेल."

"शोध. घाई आहे जरा. तुझ्या वहिनीला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं, मशीनवर रक्त साफ करायला. आमच्या चढावर दुसरी कुठली गाडी येत नाही. शेजारी खुर्चीत बसवून खाली आणतात, पण किती दिवस आणतील?"

धाकटा टेबलाला धरून उभा राहिला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याची दप्तरं भरली ती वहिनीने, तापात उशाशी बसली ती वहिनीच. वाटणीच्या दिवशीही ती दारात येऊन एवढंच म्हणाली होती, "जोडी फोडू नका रे." आणि याने तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "नाही सापडला. सामान हलवताना गेला असेल."

"असेल," दादा म्हणाला.

"मी हेच दात भरून, घासून देतो."

"कानशीने?"

"कानशीने."

दादाने मान हलवली. मग बसायला काहीतरी हवं म्हणून कोपऱ्यातलं स्टूल पोत्यासकट पुढे ओढलं आणि त्यावरच बसला. धाकट्याने झटकन पोत्याकडे बघितलं. पण दादा भट्टीकडे बघत होता.

तुटलेला क्राउन कोळशावर तापवायचा, दाताच्या जागी टणक सळई वितळवून थर भरायचा, आणि मग लगेच राखेत पुरून ठेवायचा. हळूहळू निवला तरच टिकतो, नाहीतर तडकतो. दुसऱ्या दिवशी उकरून काढायचा आणि कानस धरायची. दाताला निळा रंग लावायचा, जीपच्या पिनियनवर फिरवायचा, निळं जिथे चुकीचं उमटेल तिथे केसभर घासायचं, पुन्हा फिरवायचा. तीन दातांना सहा दिवस लागले. दादा रोज सकाळी येऊन त्या स्टुलावर बसायचा.

"मनगट सैल ठेव," तो मध्येच म्हणायचा. "कानस पुढे जाताना कापते. मागे येताना नुसती उचलायची."

"तूच शिकवलंयस."

"मग विसरलास कशाला?"

दोघेही हसले. हसल्यावर धाकट्याला वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "चहा घेणार?"

पाचव्या दिवशी दादा आपण होऊनच बोलला. "तेव्हा मी जोडी मुद्दाम फोडली. दोन्ही तुला दिली असती तरी चाललं असतं. पण म्हटलं, एकेकाकडे एकेक राहू दे. कधी ना कधी कुणाला तरी कुणाच्या दारात यावंच लागेल." मग थोडं थांबून म्हणाला, "दरवर्षी ग्रीस बदलायचो. ही हसायची मला."

धाकट्याने कानस खाली ठेवली. डोळ्यांत लोखंडाची पूड गेली म्हणून तो नळावर गेला, आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

सातव्या दिवशी जीप चालू झाली. मागून बारीक रडका आवाज येत होता.

"हळू चालव," धाकटा म्हणाला. "हा आवाज वाढला की समज, दात झिजले. पाच महिने जाईल, फार तर सहा. नवी जोडी असती तर पुढची वीस वर्षं बघायला नको होतं." बोलून गेला, आणि जीभ चावली.

"पाच महिने पुष्कळ झाले," दादा म्हणाला. स्टुलाजवळ जरा वेळ वाकला, बुटाची नाडी बांधत असावा. मग त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो थरथरणाराच, आणि गाडीत बसला. "घरी ये. ती विचारत असते."

जीप वळणाआड गेल्यावर धाकटा स्टूल जागेवर ठेवायला आला. पोतं नीट घडी करून फळीवर ठेवलेलं होतं. खाली क्राउनवरचा हिरवा रंग एका जागी खरवडलेला होता. खरवडलेल्या कडा काळपट होत्या. काम आजचं नव्हतं, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं असावं. तिथे सत्तेचाळीस दिसत होतं. आणि शेजारी तेलकट कागदावर पिनियन ठेवलं होतं, त्याचाही आकडा वर करून.

धाकटा तसाच रस्त्यावर धावत गेला. जीप चढाला लागली होती. दिसत नव्हती, पण तिचा रडका आवाज वरून ऐकू येत होता, आणि तो थांबेपर्यंत धाकटा तिथेच उभा राहिला.