वीस सिरिंज ऑइल

माझ्या ताईला मी फार शहाणी समजते, आणि स्वतःला तिच्याहून थोडी जास्त. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून माझ्यावर हसताना तुम्हाला संकोच वाटायला नको.

ताई जनावरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणारी बाई, वय सत्तावन्न. मी तिच्या पाठची. सव्वीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवते. दीड वर्षापूर्वी ताईने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते. इंजिन मात्र असं दांडगं की चावी फिरवली की शेजारच्यांची तावदानं थरथरतात. त्या इंजिनाचा नट न् नट मी फिरवलेला आहे, आणि त्याबद्दल मला भलताच गर्व आहे. असो.

रविवारी टेकडीवर शर्यत होती. घड्याळ लावून खालून वरपर्यंत एकेक गाडी सोडतात. एका माणसाला एकच फेरी. नाव लागायला तीन वर्षं थांबावं लागतं, कारण रस्ता वर्षातून एकच दिवस बंद ठेवतात. अर्ज आम्ही भरला होता, आईने, भावजींनी आणि मी, ताईला वाढदिवसाची भेट म्हणून. तेव्हा तर गाडीही नव्हती. निघायच्या आधी तपासणी होते आणि त्यात गाडी नापास झाली की गाशा गुंडाळायचा, पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्यामुळे गेला महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी मी गॅरेजमध्ये ऑइल बदललं, सपाट फरशीवर गाडी उभी करून ऑइल मोजायची पट्टी बुडवून बघितली. अगदी वरच्या खुणेला. मग ताई, आई आणि भावजींना समोर उभं करून भाषण ठोकलं. "ऑइल कमी असणं वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त असणंही तितकंच वाईट. जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, फेस होतो, धूर निघतो आणि इंजिनाची वाट लागते. म्हणून माझ्याशिवाय कुणी ऑइलला हात लावायचा नाही." तिघांनी माना डोलावल्या. उरलेल्या ऑइलचा डबा मी ताईच्या जिन्याखाली ठेवला आणि तिथेच घोळ झाला.

शनिवारी सकाळी ताईकडे गेले. गाडी अंगणात उभी. सहज म्हणून पट्टी ओढली, पुसली, बुडवली, पुन्हा ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. वाकून गाडीखाली बघितलं, जमीन कोरडी ठक्क. गळती नाही, म्हणजे मीच पट्टी चुकीची वाचून कमी भरलं होतं. मी, सव्वीस वर्षं हेच करणारी. भाषण ठोकून चोवीस तास झाले नव्हते. आता हे कुणाला सांगू? तोंड दाखवायला जागा उरली नसती. इकडेतिकडे बघितलं, डबा आणला, अर्धा लिटर ओतलं, झाकण लावलं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चहा प्यायला आत गेले.

ताईचं अंगण फाटकाकडे उतरतं आहे, पाणी साचू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं. गाडी उतारावर उभी असली की ऑइल एका बाजूला पळतं आणि पट्टी खोटं बोलते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. पण लाज वाटायला लागली की माणसाला पायाखालची जमीनसुद्धा दिसत नाही.

रविवारी ताई लाल गाडीत पुढे, आणि मी, आई, भावजी माझ्या व्हॅनमधून मागे. आईने दोन लिटरची पाण्याची बाटली मांडीवर घेतली होती. वय वर्षं एकोणऐंशी, सकाळपासून नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या तिला. टेकडीच्या पायथ्याला आलो तसा पुढच्या गाडीतून निळा धूर यायला लागला.

"बघ कशी ऐटीत चाललीय," आई म्हणाली.

मला मात्र ताईच्या अंगणातला उतार आठवला.

तपासणीला एक जाडे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सपाट जागेवर गाडी घेतली, इंजिन बंद केलं, पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिले, मग पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या चार बोटं वर. त्यांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली आणि इतक्या मऊ आवाजात विचारलं की मला रडू येईल असं वाटलं.

"हे भरलं कुणी?"

आता लपवून काय उपयोग. "मी," मी म्हणाले. "काल. अर्धा लिटर."

"अगं बाई," आई म्हणाली. "म्हणजे तू पण?"

आई शनिवारी दुपारी ताईच्या अंगणात हिंडायला गेली होती. पट्टी कशी बघायची हे तिने माझ्याच भाषणात शिकून घेतलं होतं. ऑइल कमी दिसलं, पण मला सांगितलं तर मी लाजेने मरेन म्हणून तिने गुपचूप अर्धा लिटर घातलं. भावजी लायब्ररीत काम करतात, आवाज न करता कामं करायची सवय. त्यांनी संध्याकाळी पट्टी बघितली, ऑइल दोन खुणांच्या मधोमध दिसलं. "म्हटलं, वरपर्यंत असलेलं बरं," ते चष्मा पुसत म्हणाले. "उगाच तुझा अपमान कशाला."

म्हणजे तिघांनी माझी लाज राखायला दीड लिटर ओतलं होतं, आणि त्या तिघांत मीही होते. मला आधी राग आला आणि मग असं हसू फुटलं की मी गाडीच्या बॉनेटवर रेलून हसत राहिले. भावजीही हसले, आई तर डोळे पुसायला लागली. ताई एवढी एकटी हसली नाही. मला वाटलं, साहजिक आहे, तिच्या फेरीचा बट्ट्याबोळ आम्ही केलाय.

"तुमचा नंबर सतरावा," तपासणीवाले म्हणाले. "आता सहावी गाडी सुटलीय. तीन-तीन मिनिटांनी सोडतो आम्ही. सोळावी सुटायच्या आत पट्टी खुणेवर आणा, मी पास करतो."

खालून ऑइल सोडायचं तर गाडी उचलावी लागते, आणि तिथे उचलायला काही नव्हतं. मी डोकं धरून उभी राहिले. इतक्यात भावजी म्हणाले, "हिच्या बॅगेत वासरांना दूध पाजायची नळी असते ना?" असते. मोठी सिरिंजही असते, शंभर मिलीची. पट्टीच्या भोकातून नळी खाली सोडली आणि मी ओढायला सुरुवात केली. आईने बाटलीतलं पाणी झुडपांना घातलं आणि बाटली पुढे धरली.

"एक," आई मोठ्याने म्हणाली.

काय ती धमाल होती म्हणून सांगू. कोमट काळसर ऑइल नळीतून वर यायचं, मी दात-ओठ खाऊन ओढायची, भावजी नळी धरायचे, आई मोजायची. आजूबाजूचे ड्रायव्हर जमले आणि तेही मोजायला लागले. "सात!" "आठ!" भावजींच्या पांढऱ्या शर्टावर नक्षी उमटली. अकराव्याला नळी निसटली आणि माझी भुवई काळी झाली, त्यावर टाळ्या पडल्या. वर टेकडीवर एकेक गाडी गुरगुरत जात होती. पंधरा झाल्या तशी मी पट्टी बुडवली.

अजून अर्धा लिटर जास्त.

"काहीतरीच," आई म्हणाली. "पंधरा मी मोजल्यात, बोटांवर."

मी आईकडे बघितलं, भावजींकडे बघितलं. "खरं सांगा, कुणी दोनदा घातलं?" दोघांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. विचार करायला वेळ नव्हता. आणखी पाच ओढल्या. इंजिन मिनिटभर चालवलं, बंद केलं. बाटली गच्च भरली. आई आणि भावजी तपासणीवाल्यांना बोलवायला पळाले. पाच मिनिटं थांबायचं होतं, आणि गाडीजवळ ताई आणि मीच उरलो.

"शेवटचं अर्धं माझं," ताई म्हणाली.

मला वाटलं, ही पण उताराला फसली.

"तशी नाही फसले," ती म्हणाली. "काल रात्री घातलं, मुद्दाम. जास्त झालं की धूर निघतो, तूच सांगितलं होतंस. म्हटलं, तपासणीत नापास झाले की कुणाला काही सांगायला नको." ती हातातला हातमोजा काढत होती, घालत होती. "गुरुवारी पहाटे रस्ता मोकळा असताना टेकडीवर सराव केला ना, तिसऱ्या वळणावर गाडीचं मागचं अंग निसटलं. कठड्याला घासता घासता राहिले. भीती बसलीय गं मला. तुम्ही तिघं इतक्या आनंदात होतात. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

गाईच्या पोटात हात घालताना जिचा चेहरा हलत नाही ती माझी ताई रडवेली झाली होती, आणि मी महिनाभर तिच्या मागे लागून तिला त्या टेकडीकडे ढकलत होते. मला फार वाईट वाटलं. पण दूरवरून आई झपाझप चालत येत होती, तपासणीवाल्यांचा हात धरून.

मी बाटलीचं झाकण काढलं. इंजिनाचंही काढलं.

"तू नुसतं हो म्हण," मी म्हणाले. "सगळं परत ओतते. गाडी नापास होईल. मी सांगेन, माझंच चुकलं. गॅरेजवालीचं चुकलं. आयुष्यभर मी ऐकून घेईन, आईचंसुद्धा."

ताईने बाटलीकडे बघितलं. मग माझ्या काळ्या भुवईकडे. मग ती हसायला लागली, सकाळपासून पहिल्यांदा, लहानपणी हसायची तशी, पोट धरून. "तू," ती म्हणाली, "तू चूक कबूल करणार? माझ्यासाठी?"

"एकदाच. सवय लावून घेऊ नकोस."

ती किती वेळ हसली कुणास ठाऊक. मग तिने डोळे पुसले आणि हातमोजे नीट चढवले.

"झाकण लाव," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणावर मी हळू जाणार. शेवटची आले तरी चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. दोन्ही झाकणं घट्ट लावली.

तपासणीवाल्यांनी पट्टी ओढली. बरोब्बर वरच्या खुणेवर. ताई सुटली. धुराचा मागमूस नाही. पहिलं वळण, दुसरं वळण, मग गाडी झाडांमागे गेली आणि नुसता आवाज उरला. तिसऱ्या वळणापाशी तो खाली खाली आला, इतका की जवळजवळ ऐकूच येईना. आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

"बंद पडली का गं?"

"नाही," मी म्हणाले. "हळू घेतेय."

आणि मग आवाज पुन्हा चढायला लागला.